उलट्या अक्षरांची बावडी

पौषातली सकाळ होती. धुकं असं बसलं होतं की इतवाऱ्याच्या बोळीतून कापसाच्या गाड्या जात, तर बैल दिसत नसत, नुसत्या त्यांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत. अशा थंडीत छापखान्याची शाई गोठते. डब्यातून काढायला जावं तर काकवीसारखी ताणली जाते आणि कागदावर बसायचं नाव घेत नाही. म्हणून प्रेमदास ताकसांडे रोज सातलाच यायचा, शेगडी पेटवायचा, शाईचा डबा तिच्या कडेला ठेवायचा आणि मग रोलरवर हात फिरवून पाहायचा. रोलर सरस आणि गूळ उकळून ओतलेला. थंडीत तो लाकडासारखा होतो, त्यालाही ऊब द्यावी लागते. पण शेगडीच्या फार जवळ नेला तर पाघळतो. किती जवळ न्यायचा, हे प्रेमदासच्या तळहाताला माहीत होतं.

"शाईले घाम आल्याबिगर काम होत नाई," तो म्हणायचा.

वर्ध्याच्या नवभाग्य मुद्रणालयात प्रेमदास खिळेजुळारी होता. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. कागदावर दाबल्यावर सुलटं दिसावं म्हणून. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळीएवढी लोखंडी पट्टी, धरायची आणि उजव्या हातानं खणाखणांतून अक्षरं उचलत ओळ भरायची. चोवीस वर्षं हेच केल्यामुळे त्याला उलटं अक्षर आपल्या घरचं वाटायचं आणि सुलटं पाहुणं. एसटीवरची पाटी वाचताना आपण क्षणभर अडतो, असं तो स्वतःच हसत सांगे.

शाळा चौथीपर्यंत. तीही हिंगणीहून बोरकडे जाताना कोसभर आत असलेल्या मोहगव्हाणात, शाळेच्या ओसरीवर बसून. आत बसायची त्याच्या वस्तीतल्या पोरांना तेव्हा मुभा नव्हती. बाकीचं शिक्षण खिळ्यांनी केलं.

त्या छापखान्यात लग्नपत्रिका निघत, जिनिंगच्या पावत्या निघत, तमाशाची हँडबिलं निघत. पण दर तीन महिन्यांनी एक काम असं यायचं की प्रेमदास त्या दिवशी धुतलेला सदरा घालून यायचा. ते काम म्हणजे 'वरदातट'. गावातल्या इतिहास संशोधन मंडळाचं त्रैमासिक. एकोणीसशे एकोणतीसच्या पाडव्याला पहिला अंक निघाला तो निघाला, त्यानंतर एकही अंक चुकला नाही. बेचाळीसच्या धरपकडीत संपादक तुरुंगात होते, तर मंडळाच्या लोकांनी आठ पानांचा अंक हातरोलरवर काढला. युद्धात कागद मिळेना तेव्हा गाठी बांधायच्या खाकी कागदावर काढला. असा तो खाकी अंक आजही मंडळाच्या कपाटात आहे, आणि नवा माणूस आला की त्याला आधी तोच दाखवतात.

आता पाडव्याला पन्नासावं वर्ष लागत होतं. संपादक लक्ष्मणराव देवतळे, निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी ठरवलं की पन्नासाव्या वर्षाच्या पहिल्या अंकात आजवरच्या सगळ्या लेखांची सूची द्यायची. ती सूची प्रेमदास जुळवत होता. गावाचं नाव, लेखाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, साल. हे काम असं की हात वाचतो आणि डोकं दुसरीकडे फिरतं.

त्या धुक्याच्या सकाळी 'म' चालू होता. मंगरूळ. मांडवा. मोझरी. आणि मग: 'मोहगव्हाण येथील बावडीतील वेलबुट्टीचा नमुना, बबनराव इंगोले, १९५१.'

प्रेमदासचा हात खणावर थांबला.

बावडी त्याच्या गावची. पायऱ्या उतरून पाण्याशी जायची जुनी दगडी विहीर. लहानपणी तो तिच्या काठापासून दहा पावलांवर मायसोबत उभा राहायचा, कोणी येईल आणि वरून मडक्यात ओतेल याची वाट पाहत. तिच्या आत काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि पुण्या-काशीच्या विद्वानांना सव्वीस वर्षांपासून माहीत होतं की तिच्या आत वेलबुट्टी आहे.

येत्या इतवारी तो हिंगणीच्या एसटीत बसला.

आता गावात हातपंप झाला होता. बावडी टाकून दिल्यासारखी. पाणी खाली गेलेलं, पायऱ्यांवर रुई उगवलेली. दोन म्हशी वरच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या, त्यांना हाकलून प्रेमदास खाली उतरला. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्यानं उगाच मागं पाहिलं. कोणी नव्हतं. चौदा पायऱ्या. तळाशी डाव्या हाताच्या भिंतीत दारभर उंचीचा एक कोनाडा, आणि कोनाड्याच्या आत चुन्याचा गुळगुळीत पट्टा. त्या पट्ट्यावर शेवाळ होतं, आणि शेवाळाखाली वळणंवळणं उठून आलेली. वेलीसारखी, हे खरं.

प्रेमदासनं धोतराच्या सोग्यानं शेवाळ पुसलं. बोटं फिरवली. आणि त्याच्या बोटांना ते ओळखीचं लागलं. उठलेलं, उलटं, उजवीकडून डावीकडे गेलेलं.

"अरे, हे तं जुळवलेलं मॅटर होय," तो एकटाच बोलला.

झालं असं होतं. कधीकाळी कोणीतरी डागडुजीत बावडीचा लेख कोरलेला दगड कोनाड्यात बसवला, पण तोंड आत करून, ओल्या चुन्यात दाबून. पुढं तो दगड कोणी काढून नेला, कुण्या पुलात गेला की कुण्या अंगणात, देव जाणे. चुन्यात मात्र अक्षरं राहिली. दगडात खोदलेली होती म्हणून चुन्यात उठली, आणि उठली ती उलटी. विद्वान सुलटं वाचणारे. त्यांना ती वेल दिसली. प्रेमदास तिथंच पायरीवर बसून ओळ न् ओळ वाचत गेला, जसा छापायच्या आधी गॅलीत, लांब तबकात, लावलेलं मॅटर वाचायचा:

'शके १६८९ सर्वजितनाम संवत्सरे माघमासी मौजे मोहगव्हाण बावडी राणोजी पाटील सोना पाथरवट येसा महार समस्त गाव मिळोन केली.'

'येसा महार' वर तो तीनदा गेला. मग पिशवीतून कागद काढला. गुरुजी दहा-बारा वर्षांपासून शिलालेखांचे ठसे घ्यायला त्यालाच नेत, कारण ओला कागद कसा बसवावा आणि शाई किती लावावी हे मंडळात त्याच्याएवढं कोणालाच कळत नव्हतं. त्यानं कागद भिजवून चुन्यावर बसवला, ब्रशनं ठोकला, वाळू दिला, शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवली. ठसा निघाला. गुंडाळून बगलेत धरला आणि शेवटच्या एसटीनं वर्ध्याला आला.

आजवर शेकडो लोकांची टिपणं त्यानं जुळवली होती. आता स्वतःचं लिहायला बसला तर तीन दिवस लागले. अन्नपूर्णा, त्याची बायको, भाकरी थापता थापता पाहत होती.

"एवढं काय लिवून राह्यले? माह्या बापाले पत्र लिवा म्हनलं तं चार ओयी जमत नाईत तुमाले."

"हे छापाचं होय."

"मंग तुमचंच नाव येईन का खाली?"

प्रेमदास पुन्हा कागदावर वाकला. प्रश्न तोच होता.

मंडळाची रीत होती. कोणीही काहीही लिहो, ते शनिवारच्या बैठकीत उभं राहून स्वतः वाचायचं आणि विचारतील त्याला उत्तर द्यायचं. त्याशिवाय 'वरदातट'मध्ये ओळ येत नसे. प्रेमदास त्या बैठकांना चोवीस वर्षांत शंभर वेळा गेला असेल, पण प्रूफं घेऊन, दाराशी. त्या शनिवारी तो टेबलाशी उभा राहिला. आपलं टिपण नीट वाचलं.

बैठकीत बबनराव इंगोले होते. आता कॉलेजात इतिहासाचे मोठे प्राध्यापक, मंडळाचे उपाध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. पण एकावन्न सालची वेलबुट्टी त्यांची होती.

"ठसा दाखवा," ते म्हणाले.

प्रेमदासनं ठसा खिडकीच्या उजेडात धरला, पाठीकडून. पाठीकडून अक्षरं सुलटी दिसत होती.

"कागदाच्या पाठीवरून वाचायचं?" बबनराव म्हणाले. "पाठीवर कागदाच्या सुरकुत्याही अक्षरांसारख्या दिसतात, प्रेमदास. शके आणि गावाचं नाव मला पटतं. पण शेवटच्या दोन ओळी अस्पष्ट आहेत. पाटलापर्यंत ठीक. पुढं आपण टिंबं देऊ. आणि टिपण मंडळाच्या वतीनं छापू."

टिंबं म्हणजे काय हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. जे वाचता येत नाही तिथं 'वरदातट' टिंबं छापतो. ती टिंबं प्रेमदासच खणातून उचलून जुळवायचा.

"सर," प्रेमदास म्हणाला, "टिंबं मीच जुळवतो. चोवीस वर्षांत हजारो जुळवले असतीन. जिथी अक्षर नाई तिथी लावले. जिथी अक्षर आहे तिथी माह्यानं लावनं होनार नाई."

"म्हणजे माझी चूक, असं म्हणणं आहे तुमचं."

"तुमी तेव्हा कोनत्या पायरीवर उभे होते, सर?"

"तिसऱ्या-चौथ्या. खालच्या पायऱ्यांवर पाणी होतं तेव्हा. वरून बॅटरी मारून पाहिलं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "आपल्याकडं जागेवर पाह्यल्याबिगर भांडन मिटत नाई," ते म्हणाले. "तिघंही जाऊ. जे दिसंल ते छापू. नाई दिसलं तं प्रेमदास, टिंबं. कबूल?"

"कबूल," प्रेमदास म्हणाला. सूचीच्या मागचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायची आठ पानं, त्यानं मोकळा ठेवला. पाडव्याला सात आठवडे होते.

जायच्या दिवशी त्यानं घरातला आरसा भिंतीवरून काढला आणि अन्नपूर्णेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला.

"आरसा घेऊन कुठी चालले? बावडीले नटवाले?"

"मास्तरलोकाईले वाचाले द्याचा आहे."

"फुटला तं मी काय तुमच्या टकलात पाहून भांग पाडू?"

बस हिंगणीला उतरवून गेली, पुढं मोहगव्हाणापर्यंत बैलगाडी. तिघं येणार हे गावात आधीच कळलं होतं. बाबाराव पाटील बावडीच्या काठावर येऊन उभे होते, मागं दहा-पंधरा जण. बाबाराव साठीचे, मिश्यांना तेल.

"काय प्रेमदास," ते म्हणाले, "आमच्या बावडीत काय सोनं सापडलं म्हनते. तुह्या बापानं या पायरीवर कधी पाय ठेवला नाई अन् तू तिचा इतिहास लिवून राह्यला."

"म्हनूनच तं वाचाले एवढे दिवस लागले, पाटील," प्रेमदास म्हणाला आणि उतरू लागला.

मागून कोणीतरी हसलं. बाबारावांनी वळून पाहिलं, पण कोण हसलं ते कळलं नाही.

बबनराव चौदाही पायऱ्या उतरले. धोतर सावरत, भिंत धरत. तळाला गारवा होता, पाणी घोट्याखाली. प्रेमदासनं कोनाड्यासमोर आरसा धरला, कलता, वरचा उजेड आत पडेल असा. त्याचे हात हलत नव्हते. छापखान्यात शिशाचा जड फर्मा उचलायची सवय असलेले हात ते.

बबनराव आरशात वाकले. मग बोटानं हवेत एकेक अक्षर गिरवत वाचू लागले. शके. सर्वजित. मौजे मोहगव्हाण. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा मोठा होत गेला, आणि दगडी बावडी तो आवाज वर फेकत होती.

"राणोजी पाटील," ते म्हणाले. "सोना पाथरवट." मग थांबले. आरसा जवळ घ्या म्हणून खूण केली. प्रेमदासनं तसूभर जवळ घेतला.

"येसा महार," बबनरावांनी वाचलं. "समस्त गाव मिळोन केली." आणि मग, जे कॉलेजात कधी बोलत नसत ते बोलले: "अन् मी पाह्यलं नाई ना बाप्पा. मी उतरलोच नाई खाली."

आतलं प्रत्येक नाव वर ऐकू गेलं होतं.

तिघं वर आले तेव्हा बाबाराव मिशीवरून हात फिरवत होते. "राणोजी म्हंजे आमचाच मानूस," ते म्हणाले. "आमच्या पोथीत नाव आहे त्याचं."

"पोथी दाखवजा," गुरुजी म्हणाले. "दाखवली तं तेही छापू."

बाबारावांनी प्रेमदासकडं पाहिलं. "अन् येसा? थो तुमचा पनजा असंल मंग."

काठावरची सगळी माणसं त्याच्याकडं पाहत होती. त्याच्या वस्तीतले चिंधू आणि दोन-चार जण मागं उभे होते, तेही. हो म्हटलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती.

"थे सांगता येनार नाई," प्रेमदास म्हणाला. "थो येसा आमच्याच घरचा की दुसऱ्याच्या, याचा कागद माह्यापाशी नाई. तिथी टिंबं. पन थो होता, अन् त्यानं बावडी बांधली, एवढं तं चुन्यातच आहे."

परतीच्या गाडीत गुरुजींनी आरसा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि वर्ध्यापर्यंत कोणाला दिला नाही.

'वरदातट'ची आणखी एक रीत होती. इतर मासिकं चुकीची दुरुस्ती शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापतात. 'वरदातट' ती पहिल्या पानावर छापतो, आणि ज्याची चूक त्यानंच ती लिहायची, आपल्या नावानं. पुढच्या सोमवारी बबनराव छापखान्यात आले. हातात कागद. प्रेमदासच्या शेगडीजवळ उभे राहिले.

"हे पहिल्या पानासाठी," ते म्हणाले. "वाचून घ्या. अक्षर लागतं का पाहा."

प्रेमदासनं वाचलं. 'मोहगव्हाणच्या बावडीवरील माझे १९५१ चे टिपण चुकीचे आहे. मी अर्ध्या वाटेवरून पाहिले. तेथे वेलबुट्टी नसून लेख आहे, तो श्री. प्रेमदास कवडूजी ताकसांडे यांनी वाचला. त्यांचे टिपण या अंकात पृष्ठ १२१ वर पाहावे. बबनराव इंगोले.'

"अक्षर लागते सर," तो म्हणाला. "कोनत्या टाइपात घेऊ?"

"वाचकांना ठळक दिसेल अशा."

त्यानं बबनरावांची दुरुस्ती जुळवली आणि मग आपलं टिपण घेतलं. दोन पानं, पूर्ण. एकही टिंब नाही. खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "नावापुढं काय टाकू? मुद्रक म्हनू का?"

"गाव टाका, गुरुजी. मोहगव्हाण."

पाडव्याला अंक निघाला. अन्नपूर्णेला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यानं पृष्ठ १२१ उघडून तिचं बोट आपल्या नावावर ठेवलं. तिनं बोट तसंच ठेवून विचारलं, "अन् यात येसा कुठी आहे?" त्यानं तिचं बोट तीन ओळी वर सरकवलं. एक प्रत मोहगव्हाणला चिंधूकडं गेली. बाबाराव पाटलांनीही माणूस पाठवून दोन मागवल्या. पुढं एकोणीसशे चौऱ्याऐंशीपर्यंत प्रेमदासची आणखी सहा टिपणं आली, आणि आता तो शनिवारच्या बैठकीत दाराशी बसत नसे.

पण त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. लग्नसराई सुरू होती. अल्लीपूरचे नत्थूजी पोरीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन सकाळीच येऊन बसले होते. निमंत्रकांची सतरा नावं, आणि शेजारी शाईनं केलेल्या खाडाखोडी.

"या रूपरावचं नाव वर घेजो," नत्थूजी म्हणाले. "थो मोठा होय. नाई घेतलं तं लग्नाले येनार नाई."

"किती साल मोठा?"

"काय मालूम. मोठाच म्हनते थो."

"त्याच्या मायले इचारून या, कोन आधी झालं थे. इचारल्याबिगर मी वरखाली करत नाई," प्रेमदास म्हणाला. "तोवर मी बाकीचं जुळवतो."

नत्थूजी कुरकुरत उठले. प्रेमदासनं स्टिक डाव्या हातात घेतली, 'आमचे येथे' पासून सुरुवात केली आणि 'आ' च्या खणाकडं हात नेला.